चौथ्या घराचे चार खांब

आमच्या ओळीतल्या घरांना नंबर आहेत, पण ते पोस्टमनपुरते. बाकी जग आम्हाला खंबेवाले म्हणतं. नामपल्ली स्टेशनाबाहेर ऑटोत बसून नुसतं 'खंबेवाली लाइन' म्हटलं की ऑटोवाला पुढचं काही विचारत नाही. सात घरं आहेत, एकमेकांना चिकटलेली. दोन घरांत मिळून एकच भिंत, त्यामुळं शेजारची शिंकली तरी आपण 'शतायुषी' म्हणायचं. आमचं घर मधलं, चौथं. बाकीच्यांच्या ओसरीला दोन-दोन खांब, आमच्या ओसरीला चार, आणि त्या चारांच्या डोक्यावर चुन्यात घडवलेला मोठा त्रिकोण.

लग्न होऊन आले तेव्हा मी मराठवाड्यातल्या खेड्यातली, चौथी शिकलेली. पुढचं शिक्षण इथल्या मराठी वाचनालयातल्या पुस्तकांवर माझं मीच केलं. तर सायकलरिक्षा या ओळीसमोर थांबली आणि मी पदराआडून वर पाहिलं. पांढरेशुभ्र खांब, ओळीनं खिडक्या, एका रेषेत धावणारी गच्चीची कड, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मला वाटलं, हे सगळं आमचंच. म्हटलं, एवढ्या मोठ्या घरात दिलं मला, आणि बाबांनी सांगितलंसुद्धा नाही. मी हळूच नणंदेला विचारलं, "एवढं झाडायचं कुणी?" ती इतकी हसली की तिला ठसका लागला. "वहिनी, मधला तेवढा तुकडा आपला," म्हणाली. "बाकीचं शेजारी झाडतात."

तेव्हा मी ओशाळले. पण आज वाटतं, बांधणाऱ्याला तेच तर हवं होतं. बघणाऱ्यानं फसावं, सात कारकुनांची घरं बघून त्याला एक राजवाडा दिसावा. निजामाच्या काळात कुणा जमीनदारानं आपल्या दफ्तरातल्या लोकांसाठी ही ओळ उठवली, आणि नमुना आणला थेट विलायतेचा.

वरच्या मजल्याला रस्त्याकडून तीन खिडक्या दिसतात. आतून मोजल्या तर दोनच. मी नवी नवरी, बोलायची चोरी. पंधरा दिवस मी ती तिसऱ्या खिडकीची खोली शोधत होते. कपाटं सरकवून पाहिली. मला खात्री झाली की सासरच्यांनी माझ्यापासून एक खोली लपवली आहे. शेवटी सासूबाईंनाच विचारलं. त्या तांदूळ निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "ती खिडकी नाहीच. खिडकीचं सोंग आहे. आत जिन्याची भिंत येते."

"मग बाहेर कशाला काढली?"

"नसती काढली तर तोंडात दात पडल्यासारखं दिसलं असतं."

मी रस्ता ओलांडून पलीकडं गेले आणि बोटानं ती मधली खिडकी झाकून पाहिलं. खरंच ओळ बोळकी दिसली. कुणीतरी, कधीतरी, घरात राहणाऱ्यांसाठी नव्हे तर रस्त्यानं जाणाऱ्या परक्या माणसाच्या डोळ्यांना बरं वाटावं म्हणून भिंतीवर खोटी झडपं बसवण्याचा खटाटोप केला होता.

पुढं मुलाची मुंज निघाली. खांबांना झेंडूच्या माळा गुंडाळायचं काम माझ्याकडं. मी हिशेबी बाई, आधीच माळा कापून ठेवल्या: खांब खालून जाड, वर निमुळता, म्हणून प्रत्येक माळ आधीच्यापेक्षा दोन बोटं तोकडी. शिडीवर चढून बांधायला गेले तर पुरुषभर उंचीपर्यंत माळा पुरेचनात. खांब निमुळता होतच नव्हता. त्याच्यावर थोडा झाला, आणि अगदी वर जाऊन एकदम. मला वाटलं मापताना मीच चुकले. दुसरा खांब मापला, तिसरा मापला. सगळे तसेच. सरळ दिसणारा खांब सरळ नव्हताच. ताठ उभ्या माणसाच्या पोटरीसारखा भरून आलेला होता. मी शिडीवरच बसून राहिले. खाली गुरुजी ओरडत होते की मुहूर्त टळेल.

इथवर सगळं कौतुक झालं. आता माझी चूक सांगते.

वीसेक वर्षांपूर्वी त्याच मुलाचं लग्न ठरलं. खांबांचा गिलावा दोन-चार ठिकाणी उडाला होता. चुन्याचं काम करणारा एक उस्ताद बोलावला. सडपातळ अंगाचा, मेंदी लावलेल्या दाढीचा. त्यानं खांबावरून हात फिरवला आणि सामान सांगायला लागला. मी कॅलेंडरच्या पाठीवर लिहून घेत होते. चुना. बारीक रेती. गूळ. हिरडा. बेलाचा गर. उडदाचं पाणी. मला वाटलं हा पापडच लाटतो की काय.

"और आख़िर में अंडे," तो म्हणाला.

माझं पेन थांबलं. "अंडे कायकू?"

"सफ़ेदी लगती अम्मा, चमक के वास्ते. टोकराभर होना."

सासूबाई जाऊन चार वर्षं झाली होती, पण त्यांचं सोवळं घरात होतं. मी म्हटलं, "हमारे उंबरठे के अंदर आज तलक अंडा नहीं आया."

"अम्मा, खंबे तो उंबरठे के बाहर हैं."

ह्यांनी पेपर तोंडासमोर धरला, म्हणजे हसू दिसू नये. मी ऐकते कसली. दारावर गणपती आहे, त्याच्या डोळ्यांदेखत मी खांबांना अंडी चोपडू देणार नाही, असं सांगून मी त्या माणसाला चहा पाजून वाटेला लावलं. मग एका ठेकेदाराला बोलावलं. त्याला पहिला प्रश्न हाच, की सिमेंटमध्ये काय असतं? तो म्हणाला, दगडाची भुकटी, दुसरं काय. म्हणजे शुद्ध शाकाहारी. आठ दिवसांत चारही खांब सिमेंटनं मढले, वर पांढरा ऑइलपेंट. लग्नात सगळ्यांना मी मिरवून सांगितलं की आमचे खांब सोवळ्यात आहेत.

पहिली काही वर्षं चकचकीत गेली. मग खांबांच्या पायाशी फुगा धरायला लागला. पेंट सोलून पाहावा तर आत मिठासारखी पांढरी भुकटी. लोकांनी विचारलं की मी म्हणायची, ठेकेदार चोर निघाला. इतक्यांदा म्हटलं की मला ते खरं वाटायला लागलं. पाचव्या घरातल्या आपाला तर दरवर्षी सांगायची. आपा माझी चाळीस वर्षांपासूनची शेजारीण, भिंतीपलीकडची. तिला मी आपा म्हणते, ती मला बाई.

गेल्या पावसाळ्यानंतर तिसऱ्या खांबाला उभी चीर गेली, करंगळी जाईल एवढी. एका सकाळी परातीएवढा सिमेंटचा खपला सुटून आपाच्या पायरीवर पडला. नशीब, ती तेव्हा दूध घेऊन आत वळली होती. महापालिकेची माणसं आली, पाहून गेली, आणि दारावर नोटीस चिकटवली: ओसरी धोकादायक आहे, एक तर उतरवून घ्या, नाही तर जाणकाराची सही आणा की खांब उभे राहतील.

आता आमची ओळ जुन्या वारशाच्या यादीत आहे. यादीत आहे ती सात घरं मिळून. मधल्या घराचे खांब आणि त्रिकोण गेले तर उरलं काय? दोन्हीकडं तीन-तीन घरं, एकमेकांना अनोळखी. हे गेल्यापासून मी इथं एकटी. मुलगा शहराच्या नव्या भागात, गच्चीबावलीला फ्लॅटमध्ये राहतो, त्याचा फोन आला. "आई, उतरू दे ना. ये इकडं. लिफ्ट आहे, तुला जिना नको." त्याचं चुकीचं नव्हतं. पण मी ज्या घरात सत्तरी गाठली त्याचा चेहरा माझ्या हातून उतरणार, आणि मी लिफ्टमध्ये बसून वर जाणार, हे मला गिळवेना.

वारशाचं काम करणारी एक इंजिनियर मुलगी आली. तेलुगू घरातली, विद्यानगरला राहणारी, पण मराठी येणारी. खांबांची मापं घेता घेता मला शिकवत होती. या पद्धतीला जॉर्जियन म्हणतात, म्हणाली. तिकडं विलायतेत अशाच ओळी आहेत, फक्त दगडाच्या. तिनं फोनवर फोटो दाखवला. मी म्हटलं, ही तर आमचीच ओळ, नुसतं आभाळ आलंय. ती हसली. मग तिनं दाखवलं की खालच्या खिडक्या उंच, वरच्या बुटक्या का, की डोळ्याला घर आहे त्यापेक्षा उंच वाटावं. खांब मधे भरलेला का, की अगदी सरळ खांब दुरून खंगलेला दिसतो. माझ्या झेंडूच्या माळांचं उत्तर मला इतक्या वर्षांनी मिळालं.

"अम्मा, सिमेंट कुणी लावायला सांगितलं?" तिनं विचारलं.

आपा तिथंच पायरीवर बसली होती. मी म्हटलं, "ठेकेदार चोर होता."

मुलीनं काही लिहिलं नाही. मग म्हणाली, शहरात चुन्याचं असं काम जाणणारा आता एखाददुसराच उरलाय, उद्या घेऊन येते.

दुसऱ्या दिवशी घेऊन आली तो तोच. दाढी आता मेंदीची नव्हती, कापसासारखी होती. पाठीला बाक आलेला. त्यानं खांब पाहिला, दारावरचा गणपती पाहिला, मला पाहिलं. "तुम वो अंडेवाली अम्मा ना?"

"अंडेवाली नहीं," मी म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं. "बगैर अंडेवाली."

आपानं कान टवकारले. "क्या अंडे, बाई? कौन से अंडे?"

झालं. सांगावं लागलं. ओसरीवर उभं राहून, त्या मुलीसमोर, त्या उस्तादासमोर, मी सांगितलं की ठेकेदार चोर नव्हता. मी चुना नको म्हटलं, कारण मला अंडी नको होती. आपाच्या पायरीवरचा खपल्याचा वण अजून ताजा होता. माझी मान वर होईना.

"मतलब," ती सावकाश म्हणाली, "मैं मरती तो अंडे के पीछे मरती. लोगां पूछते, कैसे गई, तो क्या बताते?"

मग तिनं सुपारीचा डबा माझ्याकडं सरकवला. चाळीस वर्षांत तिचा राग गेल्याची खूण तीच आहे.

इंजिनियर मुलीनं मला समजावलं, रागावून नव्हे. चुना जमिनीची ओल ओढतो आणि उन्हात सोडून देतो. सिमेंटनं ती वाट बंद केली, म्हणून ओल आतल्या विटा खात बसली. आता किती खाल्ल्यात ते उघडल्याशिवाय कळणार नाही. "चार बोटांच्या आत नास असेल तर जुळवता येईल, अम्मा. त्याच्यापुढं गेला असेल तर मी सही करू शकणार नाही."

तिसरा खांब उघडायचा ठरला, सगळ्यात वाईट तोच होता म्हणून. आधी आतून लाकडाचे टेकू दिले, त्रिकोणाचा भार त्यांच्यावर घेतला. मग उस्तादानं छिन्नी घेऊन सिमेंटचं साल वरून खाली काढायला सुरुवात केली. मी खुर्ची टाकून बसले. जेवायलाही उठले नाही.

वरच्या भागात सिमेंटखाली जुना गिलावा निघाला. उस्तादानं अंगठा ओला केला, धूळ पुसली आणि मला बोलावलं. "देखो." शंखाच्या आतल्या बाजूसारखा गुळगुळीत, थंड. त्यात माझ्या पांढऱ्या केसांची अंधुक सावली हलली. इतकी वर्षं सिमेंटखाली गाडून ठेवलेला, तरी.

"ये अंडा है," तो म्हणाला.

मला एकदम सासूबाई आठवल्या. रोज सकाळी न्हाऊन, सोवळं नेसून, याच तिसऱ्या खांबाला पाठ टेकून त्या जपमाळ ओढत बसायच्या. उन्हाळ्यात गारवा लागतो म्हणून. चाळीस वर्षं. पाठ अंड्याला आणि तोंड देवाला. त्यांना कुणी सांगितलं नाही आणि देवानंही तक्रार केली नाही. मी त्या गिलाव्यावर हात ठेवला तो मला काढवेना.

पण खाली, पायाशी, गोष्ट वेगळी होती. तिथं वीट पिठासारखी गळत होती. उस्ताद गुडघ्यावर बसला आणि पातळ सळईनं टोकरत गेला. मुलगी शेजारी, पट्टी घेऊन.

"एक बोट," ती म्हणाली. लाल पीठ खाली पडलं. "दोन."

आपा माझ्या खुर्चीमागं येऊन उभी राहिली होती. तिच्या ओठांचा काही पुटपुटण्याचा आवाज येत होता. माझेही हलत होते. देव वेगवेगळे, मागणं एकच.

"तीन."

सळई अजून मऊ जात होती. उस्तादाच्या कपाळावरून घाम दाढीत उतरत होता. मी मनात मुलाच्या फ्लॅटमधली माझी खोली लावायला घेतली. देवघर कुठं, पुस्तकं कुठं. इतक्यात आवाज बदलला. खरखर थांबली आणि टण्ण वाजलं, पितळी भांड्यासारखं. त्यानं बाजूला टोचलं, टण्ण. पलीकडं, टण्ण. मुलीनं पट्टी लावली, दोनदा लावली.

"साडेतीन," ती म्हणाली, आणि जमिनीवर बसकण मारली.

उस्तादानं सुटी झालेली एक वीट काढून माझ्या हातात दिली. चौकोनी नव्हती ती. आतल्या टोकाला निमुळती, बाहेरच्या अंगाला गोल, कलिंगडाच्या फोडीसारखी. खांबाचा गोल बाहेरून थापलेला नव्हता, प्रत्येक वीटच त्या गोलाचा तुकडा म्हणून भाजलेली होती. तळाशी कुणाची तरी तीन बोटं उमटलेली. ओल्या मातीत उचलताना उमटली असतील. मी माझी बोटं त्यात ठेवून पाहिली, बसली नाहीत. वीट थापणाऱ्याची लहान होती. बाईची असतील का, म्हणून विचारलं. उस्ताद म्हणाला, "क्या मालूम अम्मा. थापते तो औरतां ही थे." गिलाव्याच्या आत, कुणाला कधीच दिसणार नाही अशा जागी, इतकं नेमकं काम. त्या खोट्या खिडकीसारखं रस्त्यावरच्या कुणासाठी नव्हतं हे.

बाकीचे तीन खांब त्यामानानं बरे निघाले. मग चार महिने काम चाललं. गाळलेला चुना, गूळ, हिरडा, बेलगर. ओसरीला सणासारखा वास सुटला. शेवटच्या थराची वेळ आली तेव्हा उस्ताद थापी खाली ठेवून माझ्याकडं बघायला लागला.

मीच म्हटलं, "कितने होना?"

अंडी आपाच्या स्वयंपाकघरात फोडायची ठरली. ती म्हणाली, "हम फोड़ते, तुम आँखाँ मूँद के बैठो." पण मला ते पटेना. नको म्हणणारी मी, आता फोडायला दुसरी कशाला? मी तिच्या ओट्याशी उभी राहिले. जन्मात पहिल्यांदा अंडं हातात घेतलं. थंड होतं, आणि वाटलं होतं त्यापेक्षा जड. पहिलंच मी इतक्या जोरात आपटलं की पिवळं सगळं पांढऱ्यात सांडलं.

"ये गया," आपा म्हणाली. "बाई, नारियल नक्को समझो."

चौथ्या-पाचव्याला हात बसला. पांढरा बलक स्टीलच्या डब्यात, पिवळा आपाच्या पातेल्यात. आठवडाभर तिच्या घरात पिवळ्याचेच प्रकार झाले. तिचा जावई जेवायला यायचा बंद झाला, असं ती सांगते. घरी येऊन मी अंघोळ केली. केली, खोटं कशाला सांगू. मग गणपतीपुढं दिवा लावला आणि त्याला म्हटलं, झालं ते तुला दिसलंच आहे.

उस्तादानं गुळगुळीत गोट्यानं खांब घोटले. दिवसभर घोटायचा, वरून खाली, हात थांबू न देता. तिसऱ्या दिवशी दुपारी उन्हाची तिरीप आली आणि खांब आतून उजळल्यासारखा झाला. रस्त्यानं जाणारा भाजीवाला गाडी थांबवून बघत राहिला.

इंजिनियर मुलीनं सही केली, दारावरची नोटीस उतरली. मुलगा रविवारी सुनेला घेऊन आला. चारही खांबांवरून हात फिरवून आला आणि फ्लॅटचा विषय काढला नाही. ओळीतल्या लोकांनी विचारलं, काय घातलंत हो यात? मी पहिल्या घरापासून सातव्यापर्यंत सगळ्यांना सांगितलं, अंडी. दुसऱ्या घरातल्या काकू अजून आमच्या ओसरीवर टेकत नाहीत. त्यांना मी सांगितलेलं नाही की त्यांचेही खांब तसेच आहेत.

परवा मी आणि आपा रस्ता ओलांडून पलीकडं गेलो, नीट बघायला. सात घरं एका श्वासात उभी होती, पण आमचे चार खांब बाकीच्यांपेक्षा फारच पांढरे. नव्या कवळीसारखे. उस्ताद राहिलेली हत्यारं न्यायला आला होता. त्याला तिथूनच ओरडून विचारलं, हे बाकीच्यात कधी मिळून जाणार?

"पाँच-छे बरसातां खाएँगे, फिर मिल जाते."

मी मनात वय मोजलं. आपानं ते तोंडावरून ओळखलं.

"तब तलक मरने का नहीं, बाई," ती म्हणाली. "मैं अकेली किसकू दिखाऊँगी?"

मग आम्ही तिथंच थांबलो, सावली सरकून चारही खांबांवरून उतरेपर्यंत.